गाऱ्हाण्यातले दोनशे एक्कावन्न

१० जून १९५६, रविवार, सकाळी दहा. जागा भांडुपची, माझ्या चुलत काकांची लाकडाची वखार. रक्कम दोनशे एक्कावन्न रुपये. हजर होते ते आमच्या कोकणातल्या गावचे, घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत विखुरलेले तेवीस पुरुष. त्यांत माझे वडील, काका आणि मी. बायकांना अशा सभेला बोलावत नसत, म्हणून आई घाटकोपरला घरीच होती. ती तिथे असती तर काय झालं असतं, असा विचार मी पुष्कळ वर्षं केला. आता करत नाही. तिनेही तेच केलं असतं जे मी केलं.

सभा माझ्या सत्कारासाठी होती. मी एस.एस.सी. पास झालो होतो, एकाहत्तर टक्के मिळवून. गावातून मुंबईत आलेल्या घरांपैकी तिथवर पोचलेला मी पहिलाच. आमच्या गावच्या मंडळींचं एक मंडळ होतं. त्याचे अध्यक्ष म्हणजे सर्वांत वयस्कर असलेले एक म्हातारे गावकर, आणि खजिनदार माझे काका, कारण मंडळात लोखंडी तिजोरी फक्त त्यांच्याकडे होती. मंडळाची मुख्य कामं दोन. गावात कुणी वारलं तर इथल्या नातेवाइकाच्या गाडीभाड्याची सोय करायची, आणि गावदेवाच्या देवळासाठी वर्गणी जमवायची. त्या वर्षी देवळापुढे सभामंडप बांधायचं ठरलं होतं. माझा सत्कार आणि सभामंडपाची वर्गणी, दोन्ही एकाच सभेत उरकायचं असं ठरलं. वेगवेगळं करायचं तर चहा दोनदा लागला असता.

त्या दिवशी घरात काय शिल्लक होती ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. तीनशे चाळीस रुपये. चार वर्षांत जमवलेले. वडील कुर्ल्याच्या एका कापड गिरणीत रंगखात्यात होते. त्यांचे हात मनगटापर्यंत कायम निळसर असत. रविवारी तो रंग थोडा उतरे, सोमवारी पुन्हा चढे. ताग्याला रंग किती बसला हे ते लांबून नुसतं बघून सांगत. पण त्यांच्यावर एक रंगमास्तर होता, पंचवीस-सव्वीस वर्षांचा. छोट्या तराजूत पूड तोलायचा, कागदावर आकडे मांडायचा. तो चुकला की वडील हळूच सांगत आणि तो गुपचूप दुरुस्त करी. त्याचा पगार वडिलांच्या अडीचपट होता. वडील म्हणत, "रंग ओळखूक डोळे लागतत, पण पगाराक बी.एस्सी. लागता." मी रंगमास्तर व्हावं ही त्यांची इच्छा. माझीही. कुणी लादलेली नव्हती.

त्यासाठी मला फोर्टातलं एक कॉलेज हवं होतं. नाव लिहीत नाही. दगडी इमारत, मोठा जिना. परीक्षा झाल्यावर एप्रिलात मी माहितीपत्रक आणायला तिथे गेलो होतो. त्याचे आठ आणे पडले. परत निघताना एक दार उघडं दिसलं म्हणून आत डोकावलो. रसायनशाळा होती. लांबच लांब टेबलं, प्रत्येकाला आपला नळ आणि आपला गॅस, भिंतीवर बाटल्यांच्या रांगा. आमच्या शाळेत सगळ्या वर्गाला मिळून एक स्पिरिटचा दिवा होता, तोही मास्तरच पेटवत. तिथला शिपाई मला म्हणाला, "आत ये, पण हात लावू नकोस." मी हात लावला नाही. पाच मिनिटं उभा राहिलो आणि निघालो.

दुसरी सोय घराजवळची होती. उपनगरातल्या एका शाळेच्या इमारतीत सकाळी सात ते दहा भरणारं नवं कॉमर्सचं कॉलेज. सायन्स नाही, प्रयोगशाळा नाही. दहा वाजता त्याच बाकांवर पाचवीची पोरं येऊन बसत.

मी एका कागदावर दोन रकाने पाडले होते. फोर्टाच्या रकान्यात प्रवेश दहा रुपये, पहिल्या सत्राची फी शहाण्णव, प्रयोगशाळा चोवीस, अनामत पंचवीस, बाकी किरकोळ आठ. म्हणजे नाव घालतानाच एकशे त्रेसष्ट. दुसऱ्या सत्राचे एकशे वीस. जुनी पुस्तकं आणि एप्रन पंचावन्न, गाडीचा पास वर्षाचे पंचेचाळीस. एकूण तीनशे त्र्याऐंशी. घरात तीनशे चाळीस, म्हणजे त्रेचाळीस कमी. ते मी चाळीतल्या दोन मुलांच्या शिकवण्या करून भरणार होतो. दुसऱ्या रकान्याची बेरीज मी केलीच नव्हती. वडिलांनी कागद बघितला, त्रेचाळीसवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ह्या होतला. घाल नाव."

शुक्रवारी, आठ तारखेला, फोर्टातल्या कॉलेजच्या फळ्यावर यादी लागली आणि तीत माझं नाव होतं. फी भरायची मुदत सोमवार, अठरा जून, दुपारी तीनपर्यंत. मी शुक्रवारीच पैसे घेऊन गेलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. पण पैसे ट्रंकेत, ट्रंकेची किल्ली आईच्या कमरेला, आणि आईचं म्हणणं असं की आधी देवाला नारळ फोडून, रविवारी मंडळींचा आशीर्वाद घेऊन मगच पैसे भरायचे. मला ते पटलं होतं. दहा दिवसांची मुदत होती.

रविवारी भांडुप स्टेशनवरून वखारीकडे चालत जाताना वडील आणि मी आकडा ठरवला. सत्काराच्या घरानेही वर्गणी द्यायची असा रिवाज होता. एकवीस रुपये, तेही पुढच्या पगारातून. तीनशे चाळीसना हात लावायचा नाही. हे त्यांनीच म्हटलं. मी फक्त मान हलवली.

वखारीत ओंडके बाजूला सारून ताडपत्री अंथरली होती. गावकरांनी मला नारळ दिला आणि एक फाउंटन पेन दिलं. पेन साडेतीन रुपयांचं होतं. किमतीची चिठ्ठी काढायची राहिली होती. मग काका म्हणाले, आपल्या पोराचं अक्षर बघू या, वर्गणीची यादी आज तोच लिहील. सगळ्यांना ते आवडलं. मलाही आवडलं. मी मांडी घालून बसलो, वही मांडीवर घेतली आणि नव्या पेनाने 'श्री' लिहिलं.

अकरा, अकरा, पंधरा, एकवीस, अकरा. एकाने पाच सांगितले तेव्हा कुणी तरी म्हणालं, "अरे, देवाक मंडप होया, छत्री नको." लोक हसले. त्याने अकरा केले. असं करत यादी काकांपर्यंत आली.

काका वडिलांपेक्षा दोन वर्षांनी लहान. दोघे एकाच वर्षी, एकाच बोटीने मुंबईला आलेले. वडील गिरणीत चिकटले. काकांनी लाकडाच्या वखारीत हमाली केली आणि वीस वर्षांत ती वखारच घेतली. त्यांचा मुलगा आठवीत दोनदा बसला होता. काकांनी घसा साफ केला.

"आमच्या झिलाचा काय कॉलेज-बिलेज नाय," ते म्हणाले. "तेवा आमचा सगळा देवाचाच. लिही, एकशे एक."

मी लिहिलं. लोकांनी माना डोलावल्या. काका वडिलांकडे वळले आणि हसत म्हणाले, "तुझो आकडो काय, दादा? का सगळा पोराच्या फीत जातला? तसा आसात तर सांग. देवाक सांगया, जरा थांब म्हणान."

त्यात दुष्टपणा होता असं मी आजही म्हणत नाही. ते चेष्टाच करत होते. सगळे हसले, वडीलही हसले. मी पेन टेकवून दोन लिहिला, कारण एकवीस लिहितानाही आधी दोनच येतो. वडील म्हणाले, "दोनशे एकावन."

मी मान वर केली नाही. दोनचा आकडा लिहिलेला होताच. त्यापुढे पाच आणि एक लिहिले.

इथे थांबलं असतं तरी काही तरी करता आलं असतं. तोंडाने सांगितलेले आकडे लोक विसरतात, कमी करतात, पुढे ढकलतात. पण गावकर उठून उभे राहिले. त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली, हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे देवाला जे सांगायचं ते जाणता माणूस सगळ्यांच्या वतीने मोठ्याने सांगतो आणि प्रत्येक वाक्याला बाकीचे हुंकार देतात. एकदा गाऱ्हाण्यात आलेली गोष्ट ही माणसा-माणसांतली राहत नाही.

"हे बा गावदेवा म्हाराजा," गावकर म्हणाले, "तुझ्या ह्या लेकरान आज मुंबईत परीक्षा पास केल्यान."

"व्हय म्हाराजा."

"तेच्या बापाशीन तुझ्या मंडपाक रुपये दोनशे एकावन बोलल्यान."

"व्हय म्हाराजा."

"ते गोड मानून घी, आणि ह्या पोराक असोच पुढे ने रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

गावकर सोडून बावीस जण हुंकार देत होते. त्यांतला एक मी. लहानपणापासून गाऱ्हाणं ऐकलं की तोंडातून ते आपोआप निघायचं. तिन्ही वेळा मी ते म्हटलं, आणि दुसऱ्या वेळी बहुतेक सर्वांत मोठ्याने, कारण मी गावकरांच्या पायाशीच बसलो होतो.

परतताना घाटकोपरला उतरल्यावर वडील एकदाच म्हणाले, "एकशे एक आयकल्यार एकवीस तोंडातून येय ना." मी पेन खिशात घातलं होतं, ते चाचपून बघितलं.

आई तांदूळ निवडत होती. वडिलांनी सदरा काढून खुंटीला लावला आणि आकडा सांगितला. ती ओरडली नाही. तिने फक्त विचारलं, "गाऱ्हाणा झाला?"

"झाला," वडील म्हणाले.

मग ती माझ्याकडे वळली. "आणि तू व्हय म्हटलंस?"

"म्हटलंय."

तिने सूप उचललं आणि खडे टाकायला बाहेर गेली. तिच्या मनात काय आलं ते मला ठाऊक होतं. माझ्या पाठची एक बहीण होती. ती दोन वर्षांची असताना आजारी पडली, आणि त्याच वर्षी गावदेवाचा एक नवस फेडायचा राहिला होता. ती कशाने गेली ते डॉक्टरने सांगितलं होतं. आईने ते ऐकून घेतलं होतं, एवढंच. त्यामुळे देवाला बोललेले पैसे देऊ नका असं ती म्हणणार नव्हती. आणि मुलाची फी बुडवून द्या असंही तिच्याने म्हणवलं नाही.

तीनशे चाळीसमधून दोनशे एक्कावन्न गेले तर एकोणनव्वद राहत होते. फोर्टात नाव घालायला एकशे त्रेसष्ट हवे होते. म्हणजे चौऱ्याहत्तर कमी. गिरणीच्या पतपेढीचं कर्ज मोठ्या बहिणीच्या लग्नासाठी घेतलेलं, डिसेंबरपर्यंत फिटत नव्हतं आणि ते फिटल्याशिवाय दुसरं मिळत नव्हतं. आईच्या पाटल्या त्याच लग्नात गेल्या होत्या. व्याजाच्या पैशासाठी पठाणाकडे जाणं वडिलांना मंजूर नव्हतं, मलाही नव्हतं.

मग बुधवारी मला एक साधी गोष्ट सुचली, आणि ती आधी का सुचली नाही याचा मला राग आला. पावसाळ्यात कोकणात बांधकाम होत नाही. सभामंडपाचं काम दिवाळीनंतरच सुरू होणार. तोवर जमलेले पैसे काकांच्या तिजोरीत नुसते पडून राहणार. दिवाळीपर्यंत मुदत मिळाली तर पहिल्या सत्राची फी आता भरता येईल. दिवाळीत गिरणीचा बोनस येईल, डिसेंबरात पतपेढी मोकळी होईल. देव फार तर महिनाभर थांबेल. मी कागदावर सगळं मांडलं. हिशेब बसत होता.

गुरुवारी मी एकटाच भांडुपला गेलो आणि काकांना विचारलं. ते रागावले नाहीत. उलट मला चहा पाजला.

"दिवाळीक दी मगे," ते म्हणाले. "माका काय? पैसे पेटयेत ऱ्हवले काय नि तुमच्या ट्रंकेत ऱ्हवले काय. पण ह्या तू सांगान भागाचा नाय. बोललो तो बापूस. तेका येऊन एक शब्द बोलांदे."

हे रास्तच होतं. मी घरी येऊन वडिलांना सांगितलं. ते आधी नाही म्हणाले. शुक्रवारी रात्री जेवताना म्हणाले, उद्या पाळी सुटल्यावर जाऊ. आईने त्या आठवड्यात पहिल्यांदाच त्यांच्या ताटात दुसऱ्यांदा भात वाढला.

शनिवारी, सोळा तारखेला, वडील गिरणीतून आले, हातपाय धुतले आणि आईकडे किल्ली मागितली. ट्रंक उघडून त्यांनी दोनशे एक्कावन्न मोजले, रुमालात बांधले आणि बंडीच्या आतल्या खिशात ठेवले. मी विचारलं, "पैसे कित्याक?"

"रिकाम्या हातान गेलो तर म्हणतले पैसेच नाय," ते म्हणाले. "आसत, पण दिवाळीक देतंय, असा सांगायचा."

त्यांचं म्हणणं मला समजलं. म्हणूनच मी अडवलं नाही. आज मला कुणी विचारलं की या सगळ्यात तुझी चूक कोणती, तर मी 'व्हय म्हाराजा' सांगणार नाही. ते सवयीने निघालं होतं. शनिवारी मी दारात उभा होतो, रुमाल बघितला, आणि बाजूला झालो. ती माझी चूक.

वखारीत काका गिऱ्हाइकाला लाकूड मोजून देत होते. तिथे मंडळाचे आणखी दोघे बसले होते, यादीत अकरा आणि पंधरा लिहिलेले. काकांनी वडिलांना बसायला ओंडका दिला. गिरणीतल्या बदली कामगारांच्या, गावाकडच्या पेरणीच्या गोष्टी झाल्या. चहा आला. वडील विषय काढत नव्हते. काका वाट बघत होते. मी त्यांना सगळं सांगितलेलंच होतं. पण त्या दोघांसमोर वडिलांच्या तोंडून ते निघेना. शेवटी काकांनीच त्यांना वाट करून द्यायला विषय काढला, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

"मग दादा," ते म्हणाले, "ता वर्गणीचा काय?"

वडिलांचा हात बंडीच्या खिशाकडे गेला. त्यांनी रुमाल काढला, गाठ सोडली आणि नोटा चहाच्या बशीशेजारी ठेवल्या.

"हे घी," ते म्हणाले. "पुरे आसत."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी बोललो असतो तर त्यांनी नोटा परत केल्या असत्या, याची मला खात्री आहे. बसलेला एक जण म्हणाला, "शाबास. बोलल्याला पाळूचा तर असा." काकांनी नोटा मोजल्या आणि पावतीपुस्तक माझ्यापुढे सरकवलं, कारण त्यांना लिहिता येत नव्हतं. पावती मी लिहिली. सही म्हणून काकांनी अंगठा लावला.

बाकीचं थोडक्यात सांगतो. मी कॉमर्स घेतलं, पास झालो, एका कंपनीत हिशेबाच्या खात्यात लागलो आणि अजून तिथेच आहे. वडील निवृत्त होईपर्यंत रंगखात्यात होते. त्यांच्यावर आणखी दोन रंगमास्तर आले आणि गेले. कॉलेजचा विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही. मी पहिला पगार आणून दिला तेव्हा त्यांनी आकडा विचारला, आणि मी सांगितल्यावर म्हणाले, "बरो आसा." रंगमास्तराला किती मिळतात ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

सभामंडप एकोणसाठ साली पुरा झाला. खांबावर देणगीदारांची फरशी आहे आणि तीत वडिलांचं नाव पहिलं आहे. आई ती एकदा बघून आली. पुढे मंडळाने मलाच हिशेब तपासायला सांगितलं, कारण मंडळात कॉमर्सवाला मी एकटा. मी माझ्याच अक्षरातली ती यादी पुन्हा हातात घेतली. बावीस नावं, माझं सोडून. तेरांनी दोन-तीन हप्त्यांत, कमी-जास्त करून भरलं होतं. आठांची रक्कम येणे म्हणून वर्षानुवर्षं पुढे ओढलेली होती. त्या आठांत काकांचे एकशे एक होते. गाऱ्हाण्यात त्यांचा आकडा आला नव्हता. सत्कार त्यांच्या मुलाचा नव्हता. त्यांच्या घरात कुणी आजारी पडलं नाही आणि वखारीला आग लागली नाही. मी ती रक्कम येणे म्हणूनच पुढे ओढली, सही केली आणि वही परत दिली. बोलल्याप्रमाणे, पूर्ण आणि एका रकमेने भरलेला आकडा त्या यादीत एकच होता.

सोमवारी, १८ जूनला, मी फोर्टात गेलो नाही. तीन वाजेपर्यंत माझं नाव तिथल्या फळ्यावर असणार, हे मला माहीत होतं. सकाळी नऊ वाजता मी शाळेच्या इमारतीतल्या कॉलेजात गेलो आणि तिथल्या रांगेत उभा राहिलो. दोन्ही रकमा कुठे गेल्या ते असं: दोनशे एक्कावन्न रुपये गावदेवाच्या सभामंडपासाठी, माझ्या चुलत काकांच्या हाती, सोळा तारखेला. एकसष्ट रुपये आठ आणे, कॉमर्सच्या पहिल्या सत्राचे, खिडकीतल्या कारकुनाच्या हाती, अठरा तारखेला. उरलेले सत्तावीस रुपये आठ आणे मी आईला परत दिले.